नसांवर उलटलेली प्रतिपिंडे

गियाँ-बारे सिंड्रोम, वर्तमानपत्रांच्या भाषेत जीबीएस, हा मेंदू आणि पाठीच्या कण्यातून बाहेर पडणाऱ्या नसांचा आजार आहे. बहुतेक रुग्णांना आधी जुलाब, ताप किंवा सर्दी-खोकला होऊन गेलेला असतो. तो बरा झाल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत पायांना मुंग्या येतात, जिना चढताना पाय साथ देत नाहीत, आणि अशक्तपणा दोन्ही बाजूंनी सारखाच वर चढत जातो. गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही. साधारण चार-पाच रुग्णांपैकी एकाचे श्वासाचे स्नायू थकतात आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो. जगभर दर लाख लोकांमागे वर्षाला एक-दोन जणांना हा आजार होतो. १९१६ मध्ये जॉर्ज गियाँ, झाँ-अलेक्झांद्र बारे आणि आंद्रे स्त्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या तपासणीवरून त्याची खूण सांगितली. पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली असतात, पण पेशी वाढलेल्या नसतात. नसांची मुळे बिघडलेली आहेत, मात्र तिथे नेहमीच्या जंतुसंसर्गाचा मागमूस नाही, असा त्याचा अर्थ.

पुणे जिल्ह्यात हे नाव घरोघरी पोचले ते जानेवारी २०२५ मध्ये. सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या भागांत एकामागून एक रुग्ण सापडू लागले. साथ ओसरेपर्यंत संशयित रुग्णांची नोंद सव्वादोनशेच्या आसपास गेली आणि १२ मृत्यू नोंदले गेले. सर्वांत मोठा गट महापालिकेत नव्याने आलेल्या गावांतला होता, तर ३७ रुग्ण पुणे ग्रामीणचे होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासलेल्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला आणि काहींत नोरोव्हायरस हा विषाणू. दोघेही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतात.

मावळ तालुका आरोग्य खात्याच्या हिशेबात याच पुणे ग्रामीणमध्ये येतो. वडगाव, तळेगाव, कामशेत ते लोणावळा हा पट्टा घाटमाथ्याच्या पावसाचा आहे. पहिल्या सरींबरोबर ओढ्या-विहिरींत वरचे सगळे वाहून येते. त्याच दिवसांत भुशी धरण, पवना आणि कार्ला इथे पर्यटकांची रीघ लागते. खाचरांत आणि घरांभोवती पाणी साचून डास वाढतात. जुलाब, कावीळ आणि डासांचे ताप हे पावसाळी आजार इथे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, आणि जीबीएसच्या आधी होऊन गेलेल्या आजारांत या तिन्हींचीही नोंद आहे.

जंतू गेल्यावर नसा कोण मोडतो, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, असे आहे. जंतूविरुद्ध तयार झालेली ही प्रथिने स्वतःच्याच नसांवर उलटतात. हे उत्तर सर्व रुग्णांना लागू पडते का, याबद्दल मात्र वैद्यकात खरा मतभेद आहे. त्याच्या दोन बाजू इथे दोन डॉक्टरांच्या तोंडी मांडल्या आहेत. एक बाजू न्यूरोलॉजिस्टची, दुसरी साथरोगतज्ज्ञाची.

न्यूरोलॉजिस्ट: डॉक्टर, या आजारात प्रतिपिंडांविरुद्धचा पुरावा जितका सलग आहे तितका फार थोड्या आजारांत मिळतो. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाह्य आवरणावर साखरेच्या रेणूंची एक साखळी असते. आपल्या नसांच्या पटलावर जीएम१ नावाचा स्निग्ध रेणू असतो, त्याच्या टोकाची साखळी जवळजवळ तशीच. शरीर जंतूला मारायला प्रतिपिंडं बनवतं, ती नसेवर जाऊन बसतात. मग रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं तिथं गोळा होतात आणि पटलाला भोकं पाडतात.

पुराव्याच्या या साखळीतला प्रत्येक दुवा वेगळा तपासला गेला आहे. जपानच्या नोबुहिरो युकी यांनी १९९० मध्ये कॅम्पिलोबॅक्टरच्या जुलाबांनंतर जीबीएस झालेल्या दोन रुग्णांत जीएम१ विरुद्धची प्रतिपिंडे दाखवली. १९९३ मध्ये त्यांच्याच गटाने जिवाणूच्या आवरणात जीएम१ सारखी रचना असल्याचे सिद्ध केले. २००४ मध्ये ते आवरणद्रव्य सशांना टोचल्यावर सशांत प्रतिपिंडे तयार झाली आणि त्यांचे पाय लुळे पडले. याच्या मधल्या काळात उत्तर चीनमधल्या हेबेई प्रांतात खेड्यांतल्या मुलांना दर उन्हाळ्यात येणाऱ्या लुळेपणाचा अभ्यास चालू होता. त्या मुलांत नसांचे मायलिनचे आवरण शाबूत होते आणि आतला तंतूच तुटत होता. शवविच्छेदनात त्या तंतूंवर प्रतिपिंडे आणि कॉम्प्लिमेंट चिकटलेले दिसले. जीबीएसच्या या प्रकाराला एएमएएन म्हणतात. कॅम्पिलोबॅक्टरशी त्याचे नाते आज वादातीत आहे.

साथरोगतज्ज्ञ: मॅडम, हे सगळं मान्य. पण हा पुरावा एका जिवाणूचा आहे. विषाणूचा कुठं आहे? झिकाचंच घ्या. २०२१ मध्ये आपल्या पुरंदर तालुक्यात बेलसरला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण सापडला, २०२४ मध्ये पुणे शहरात साथ आली. उद्या लोणावळ्यात झिकानंतर कुणाचे पाय गेले, तर त्याच्या रक्तात कुठलं प्रतिपिंड शोधायचं, हे कुणी सांगू शकतं का?

हा प्रश्न नेमका आहे. पॅसिफिक महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियात २०१३-१४ मध्ये झिकाची मोठी साथ आली आणि तिच्याबरोबर जीबीएसचे ४२ रुग्ण नोंदले गेले. जवळजवळ सर्वांच्या रक्तात झिकाची लागण होऊन गेल्याची खूण होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने झिका आणि जीबीएस यांचा संबंध पक्का केला. पण त्याच रक्तात नसांविरुद्धची प्रतिपिंडे शोधली, तेव्हा ती नेहमीच्या चाचणीत साधारण एक तृतीयांश रुग्णांतच मिळाली. जीएम१ वगैरे ओळखीच्या लक्ष्यांविरुद्धची तर क्वचितच. तापानंतर लुळेपणा यायला लागलेला काळही थोडा होता, मध्यक सहा दिवस.

न्यूरोलॉजिस्ट: चाचणीच्या ताटलीवर आपण जे रेणू ठेवतो तेवढ्यांविरुद्धचीच प्रतिपिंडं दिसतात, डॉक्टर. नसेवर शेकडो रेणू आहेत. काही प्रतिपिंडं दोन गँग्लिओसाइड, म्हणजे जीएम१ सारखे रेणू, शेजारीशेजारी असतील तरच चिकटतात, एकट्यावर नाही. शिवाय विषाणूंत उदाहरण नाहीच असं नाही. सायटोमेगॅलोव्हायरसनंतरच्या जीबीएसमध्ये जीएम२ विरुद्धची प्रतिपिंडं मिळतात.

साथरोगतज्ज्ञ: मिळतात, पण जीबीएस न होता नुसता तो विषाणू झालेल्या माणसांतही मिळतात. आणि जे सापडत नाही त्याला ‘अजून सापडलं नाही’ म्हणत राहिलो, तर हा सिद्धांत कधी खोटा ठरूच शकणार नाही.

या आक्षेपाचे वजन मान्य करायला हवे. एखादा आजार प्रतिपिंडांमुळे होतो असे म्हणण्यासाठी अर्न्स्ट विटेब्स्की यांनी १९५७ मध्ये निकष मांडले होते. प्रतिपिंड रुग्णात सापडले पाहिजे, त्याचे लक्ष्य ओळखता आले पाहिजे, आणि ते लक्ष्य प्राण्याला टोचून तोच आजार उभा करता आला पाहिजे. १९९३ च्या सुधारणेत पुराव्याच्या पायऱ्या ठरल्या. कॅम्पिलोबॅक्टरनंतरचा एएमएएन या कसोटीवर उतरतो. झिका, नोरोव्हायरस किंवा काविळीच्या हेपॅटायटिस ई विषाणूनंतरचा जीबीएस अजून उतरलेला नाही. हेपॅटायटिस ईच्या बाबतीत संबंध मात्र दिसतो. नेदरलँड्समधल्या अभ्यासात जीबीएसच्या सुमारे ५ टक्के रुग्णांत आणि बांगलादेशातल्या अभ्यासात ११ टक्के रुग्णांत नुकत्याच झालेल्या लागणीच्या खुणा मिळाल्या. नोरोव्हायरसचा पुरावा याहून बराच पातळ आहे. तो तुरळक रुग्णांच्या नोंदींपुरता आहे, त्यामुळे पुण्यातल्या काही नमुन्यांत तो सापडला एवढ्यावरून त्याला जबाबदार धरता येत नाही.

न्यूरोलॉजिस्टच्या बाजूला भारताच्याच वैद्यकीय इतिहासातला एक मोठा आधार आहे. कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घेतलेली माणसे मावळातल्या गावांत अजून भेटतात. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केली होती. रेबीजचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवायचा, मग फिनॉलने मारायचा आणि तो मेंदूच वाटून टोचायचा. या लसीने असंख्य जीव वाचवले. पण लस घेतलेल्यांपैकी काहींना दोन-तीन आठवड्यांत लुळेपणा किंवा मेंदूज्वर होई. थायलंडमध्ये अशा रुग्णांचे रक्त तपासून १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना गंभीर त्रास झाला त्यांच्यात मायलिनमधल्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे भरपूर होती. भारतात या लसीचे उत्पादन २००४ अखेर थांबले.

न्यूरोलॉजिस्ट: या लसीत विषाणू मेलेला होता. म्हणजे विषाणूनं नसा खाल्ल्या असं म्हणायला जागाच नाही. टोचला गेला तो परका मेंदू, आणि शरीर उलटलं ते स्वतःच्या मेंदूवर. याहून स्वच्छ पुरावा कुठला?

साथरोगतज्ज्ञ: शरीर स्वतःवर उलटलं, याचा पुरावा नक्की आहे. पण ते प्रतिपिंडांमार्फत उलटलं हे त्यातून ठरत नाही. याच लसीच्या अपघातांचं कोडं सोडवायला थॉमस रिव्हर्स यांनी १९३०च्या दशकात माकडांना निरोगी मेंदूचा अर्क पुन्हापुन्हा टोचून तोच आजार निर्माण केला. पुढं १९६० मध्ये दिसलं, की आजारी उंदराच्या लसिकाग्रंथींतल्या पेशी निरोगी उंदराला दिल्या की त्यालाही आजार होतो. नुसत्या रक्तद्रवानं तो असा देता येत नव्हता. म्हणजे हल्ला टी-पेशींचा, प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, होता. प्रतिपिंडं तिथं हजर होती, पण साक्षीदार म्हणून.

साथरोगतज्ज्ञाचा हा मुद्दा जुन्या प्रयोगांपुरता राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी जीबीएसच्या रुग्णांच्या रक्तात आणि पाठीतल्या पाण्यात नसांच्या मायलिनमधली प्रथिने ओळखणाऱ्या टी-पेशी दाखवल्या. त्या मुख्यतः आवरण झिजवणाऱ्या प्रकारात, म्हणजे एआयडीपीत, आढळल्या. जगात अनेक ठिकाणी हाच प्रकार जास्त दिसतो आणि विषाणूंनंतरच्या जीबीएसमध्येही बहुधा हाच. त्यामुळे आज सर्वांत प्रामाणिक मांडणी अशी होते: जीबीएस हे एकाच शेवटाला पोचणाऱ्या दोन किंवा अधिक वाटांचे नाव आहे. एका वाटेवर प्रतिपिंड गुन्हेगार आहे हे शाबीत झाले आहे. दुसऱ्या वाटेवर टी-पेशींचा हात दिसतो, प्रतिपिंडाचा वाटा ठरायचा आहे. दोघे मिळून काम करत असणेही शक्य आहे.

साथरोगतज्ज्ञ: मग विषाणू आणि प्रतिपिंड यांचा धागा आपण सोडूनच द्यायचा का?

न्यूरोलॉजिस्ट: मुळीच नाही. तो धागा हर्पिसमध्ये स्वच्छ दिसतो.

हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर औषधाने आटोक्यात येतो. काही रुग्ण घरी जातात आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा बिघडतात. वागणे बदलते, झोप उडते, लहान मुलांत हातापायांच्या विचित्र हालचाली सुरू होतात. पूर्वी विषाणूच परतला असे समजले जाई. पण पाठीतल्या पाण्यात विषाणू मिळत नसे आणि विषाणूरोधक औषधाचा उपयोगही होत नसे. जोसेप डालमाऊ यांनी २००७ मध्ये मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकांविरुद्धची (रिसेप्टरविरुद्धची) प्रतिपिंडे शोधल्यावर या कोड्याचा उलगडा झाला. स्पेनमध्ये ५१ रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा १४ जणांना, म्हणजे २७ टक्के रुग्णांना, तीन महिन्यांच्या आत असा स्वयंप्रतिकार मेंदूज्वर झाला. त्यांतल्या बहुतेकांत एनएमडीए ग्राहकांविरुद्धची प्रतिपिंडे होती. प्रतिकारशक्ती शमवणाऱ्या उपचारांनी असे रुग्ण सुधारतात. इथली वाट कॅम्पिलोबॅक्टरपेक्षा वेगळी आहे. जंतू आणि नस यांची रचना सारखी असण्याची इथे गरज पडत नाही. विषाणू मेंदूच्या पेशी फोडतो, एरवी दडलेली प्रथिने प्रतिकारशक्तीसमोर उघडी पडतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, असे मानले जाते. भातशेतीच्या पाण्यात वाढणाऱ्या डासांतून पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वरानंतरही असे रुग्ण नोंदले गेले आहेत. पुणे शहरात २०२२ मध्ये जपानी मेंदूज्वराचा रुग्ण आढळला होता. खाचरांच्या मावळाने हा आजार ओळखून ठेवावा, कारण बरा होऊन पुन्हा बिघडलेल्या मुलाला ‘मानसिक’ म्हणून घरी बसवले, तर उपचाराची संधी निघून जाते.

उपचारांच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंची गाठ पडते. जीबीएसमध्ये दोन उपचारांचा उपयोग सिद्ध झाला आहे. एक प्लाझ्माफेरेसिस. त्यात रक्तातला द्रवभाग काढून त्याबरोबर प्रतिपिंडे बाहेर नेली जातात. दुसरा आयव्हीआयजी. हजारो दात्यांच्या रक्तातून गोळा केलेली निरोगी प्रतिपिंडे शिरेतून दिली जातात. पहिल्याचा फायदा १९८५ च्या चाचणीत दिसला, दुसरा त्याच्या तोडीचा असल्याचे नेदरलँड्समध्ये १९९२ मध्ये दाखवले गेले.

न्यूरोलॉजिस्ट: प्रतिपिंडं काढून टाकली की रुग्ण लवकर सुधारतो. टी-पेशींना दाबणारे स्टेरॉइड मात्र जीबीएसमध्ये कामाला येत नाहीत. यावरून काय समजायचं?

साथरोगतज्ज्ञ: प्लाझ्मा काढताना प्रतिपिंडांबरोबर इतर शंभर गोष्टीही निघून जातात, मॅडम. आणि आयव्हीआयजी नेमकं कसं काम करतं हे तरी कुठं पूर्ण कळलंय? २०२१ च्या चाचणीत तर गंभीर रुग्णांना दुसऱ्यांदा आयव्हीआयजी देऊन काही हाती लागलं नाही. त्रास मात्र वाढला. मला विचाराल तर माझ्या रुग्णाचा खरा प्रश्न निराळा आहे. साठ किलोच्या माणसाला पाच दिवसांत १२० ग्रॅम आयव्हीआयजी लागतं, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस बाटल्या. साथीच्या काळात एका बाटलीची किंमत वीस हजार रुपये छापून येत होती.

या हिशेबापुढे सिद्धांताचा वाद मागे पडतो. चोवीस बाटल्यांचे चार लाख ऐंशी हजार होतात, आणि आयसीयूचा खर्च वेगळा. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने मोफत उपचारांची घोषणा केली. पिंपरी-चिंचवडसाठी यशवंतराव चव्हाण रुग्णालय, पुणे शहरासाठी कमला नेहरू रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णांसाठी ससून, अशी विभागणी होती. तो निर्णय योग्यच होता. पण लोणावळ्याहून ससून साठ किलोमीटरच्या पुढे आहे, आणि श्वास लागू लागलेल्या माणसाला हे अंतर फार असते. तळेगावात वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथपर्यंत वेळेत पोचणे आणि वाटेत श्वासावर लक्ष असणे याने जीव वाचतो. बांगलादेशात साध्या साधनांनी थोडाथोडा प्लाझ्मा काढण्याची स्वस्त पद्धत वापरून पाहिली गेली आहे. ती सुरक्षित आणि जमणारी असल्याचे दिसले. मोठ्या चाचण्यांत तिचा फायदा सिद्ध झाला, तर तालुक्याच्या ठिकाणी ती शिकवायला हवी.

प्रतिपिंडांची चाचणी इथे कुठे बसते? दोन्ही डॉक्टर याबाबतीत एकमताचे आहेत. चाचणीचा अहवाल यायला दिवस लागतात आणि उपचाराचा निर्णय त्यावर अवलंबून नसतो. अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणून जीबीएस नाही असे ठरत नाही, आणि ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून निदान पक्के होत नाही. निदान होते ते तपासणीच्या हातोडीने, नसांतून संदेश किती वेगाने जातो हे पाहणाऱ्या एनसीव्ही चाचणीने आणि पाठीतल्या पाण्याने. तेही पाणी पहिल्या आठवड्यात अनेकदा सामान्य असते. पंधरा वर्षांखालच्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले, तर निदान काहीही असो, पोलिओच्या सर्वेक्षणासाठी शौचाचे दोन नमुने एक दिवसाच्या अंतराने पाठवावेच लागतात. पोलिओत विषाणू मज्जारज्जूतल्या पेशी थेट मारतो, त्यात प्रतिपिंडांचा दोष नसतो. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तो याच काटेकोर शोधामुळे, आणि जीबीएसचे किती तरी बालरुग्ण याच वाटेने नोंदीत येतात.

साथरोगतज्ज्ञ: शेवटी एक माझ्या कामाचं. जंतू जिवाणू की विषाणू, याचा माझ्या पाण्याशी थेट संबंध आहे. कॅम्पिलोबॅक्टर क्लोरीननं सहज मरतो. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, नीट टाकली आणि क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळं झालं, की त्याची भीती बरीच गेली. नोरोव्हायरस क्लोरीनला जास्त दाद देत नाही. साथीत ओटी टेस्ट चांगली आली तरी मी पाणी उकळूनच प्यायला सांगीन.

न्यूरोलॉजिस्ट: आणि प्रतिपिंडांचा वाद काहीही ठरो, त्यांना जन्म देणारा जंतू पोटातच गेला नाही तर माझ्याकडे तो रुग्ण येणारच नाही. हे मी मान्य करते.

कॅम्पिलोबॅक्टरची लागण झालेल्यांपैकी साधारण हजारांत एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना जीबीएस होतो. एकाच विहिरीचे पाणी पिऊन एकाच घरातल्या एकाच माणसावर प्रतिकारशक्ती का उलटते, हे दोन्ही पक्षांना अजून सांगता येत नाही. म्हणून कुणाला धोका आहे हे आधी ओळखता येत नाही, आणि खबरदारी सगळ्यांनीच घ्यावी लागते. मावळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने पावसाळ्यात जलसुरक्षकाकडून रोज ओटी टेस्ट करून घ्यावी, लोकांनी पाणी उकळून प्यावे आणि चिकन पूर्ण शिजवून खावे. जुलाब, कावीळ किंवा ताप होऊन गेल्यावर महिन्याभरात दोन्ही पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि आधीचा आजार आठवणीने सांगावा. गिळताना ठसका लागत असेल, आवाज बारीक झाला असेल किंवा एका श्वासात वीसपर्यंत मोजता येत नसेल, तर रात्र न काढता थेट व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय गाठावे.